सूत्र आणि दृष्टांत : युनिक्स-मॅन्युअलच्या गद्याचा विचार

वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत तांत्रिक गद्य सहसा येत नाही. आले तरी परिभाषेच्या चर्चेपुरते येते; अमुक इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, एवढ्यावर ती चर्चा संपते. वस्तुतः ज्या गद्यातील एका वाक्याच्या योग्य वाचनावर एखाद्या रुग्णालयाच्या नोंदी, विद्यापीठाची निकालपत्रके किंवा ग्रंथालयाची सूची सुरक्षित राहणे अवलंबून असते, ते गद्य कोणासाठी लिहिले आहे आणि वाचकावर ते कोणता भार टाकते, हा प्रश्न समीक्षेचाच आहे. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सर्व्हरांची उभारणी व देखभाल ज्या मॅन्युअलच्या आधारे केली जाते, ते अशा गद्याचे ठळक उदाहरण होय. त्याचे रूप पन्नास वर्षांहून अधिक काळ जवळजवळ अबाधित राहिले आहे. त्याचे सामर्थ्य यात आहे, आणि त्याच्या वाचकाची अडचणही यातच आहे.

या रूपाचा आरंभ निश्चितपणे सांगता येतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या ‘युनिक्स प्रोग्रामर्स मॅन्युअल’च्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ हा दिनांक आहे. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान. पानावर ठरलेली शीर्षके : नाव, रूपरेखा, वर्णन, संबंधित फाइली, ‘हेही पाहा’, निदान, दोष, आणि शेवटी ‘मालक’. या शेवटच्या शीर्षकाखाली संबंधित आज्ञेची जबाबदारी ज्याच्याकडे होती त्याचे छोटे नाव दिलेले असे. टॉम्प्सन यांचे ‘केन’, रिची यांची आद्याक्षरे. प्रस्तावनेत मॅन्युअलची मर्यादाही सांगून टाकली आहे. सर्वांना उपलब्ध असलेल्या सोयींचे संपूर्ण वर्णन येथे मिळेल. मात्र यंत्रणेचा सर्वसाधारण परिचय मिळणार नाही, आणि तिच्या अंतर्रचनेचा तपशीलही मिळणार नाही. ग्रंथाच्या पहिल्याच पानावर ग्रंथ काय करणार नाही हे सांगण्याचा हा प्रांजळपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढच्याच वर्षी, जून १९७२ मध्ये, दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत युनिक्सच्या संस्थापनांची संख्या दहावर पोहोचली असून ती आणखी वाढण्याची अपेक्षा आहे, असे नमूद केले आहे. हा दहाचा आकडा समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक आहे. ज्या ग्रंथाचे वाचक दहा संगणकांभोवती बसलेले सहकारी होते, त्यातील एखादे वाक्य दुर्बोध वाटले तर ‘मालक’ या शीर्षकाखालचे नाव वाचून त्या व्यक्तीला विचारता येत असे. लिखित वाक्याच्या मागे बोलता भाष्यकार उभा होता. वाक्य आखूड असणे त्यामुळे परवडत होते. किंबहुना तेच सौजन्याचे होते.

युनिक्स स्वतः त्या काळी मुक्त-स्रोत नव्हते. परंतु बर्कली विद्यापीठातील शाखा, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेला जीएनयू प्रकल्प आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेले लिनक्स, या सर्वांच्या द्वारे मॅन्युअलचे हे रूप आजच्या सर्व्हरपर्यंत आले. (जीएनयू प्रकल्पाने त्याऐवजी ‘इन्फो’ नावाचा विस्तृत ग्रंथप्रकार पुढे केला, पण व्यवस्थापकांची सवय त्याला मोडता आली नाही.) डेबियन या १९९३ मध्ये सुरू झालेल्या वितरणाच्या नियमावलीनुसार एखाद्या आज्ञेला मॅन्युअलचे पान नसणे हा त्या सॉफ्टवेअरचा दोष समजला जातो. या नियमातून एक गमतीची वस्तू निर्माण झाली होती. ज्या आज्ञेला पान नसेल तिच्या नावाने एक सामाईक पान जोडण्याची प्रथा डेबियनमध्ये काही काळ होती, आणि त्या पानावर या आज्ञेला पान नाही एवढेच सांगितलेले असे. अभावाचेही पान! पुढे ही प्रथा बंद करण्यात आली. अभाव झाकण्यापेक्षा तो दोष म्हणून नोंदलेला बरा, हा त्यामागील विचार योग्यच होता.

मॅन्युअलच्या या गद्याची जात कोणती? मराठी वाचकाला याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. हे सूत्रवाङ्मय आहे. कर्ता बहुधा अनुक्त, क्रियापद वर्तमानकाळी, विशेषणांचा जवळजवळ अभाव, एकदा सांगितलेले पुन्हा न सांगण्याचा कटाक्ष, आणि अन्यत्र सांगितलेल्या गोष्टीकडे केवळ अंगुलिनिर्देश : ही सर्व लक्षणे पाणिनीच्या अष्टाध्यायीच्या वाचकाला परिचित आहेत. ‘हेही पाहा’ या शीर्षकाखाली दिलेली नावे म्हणजे एका सूत्राने दुसऱ्या सूत्राला दिलेली हाकच असते.

परंतु साम्य येथपर्यंतच टिकते, आणि ते जेथे तुटते तेथूनच खरी समीक्षा सुरू होते. अष्टाध्यायीचे सूत्र आखूड असू शकते, कारण तिच्या अध्येत्याच्या मुखात सगळी अष्टाध्यायी असते. मागील सूत्रातील पद पुढील सूत्रात अनुवृत्तीने चालत येते ते अध्येत्याच्या स्मरणातून चालत येते. सर्व्हरच्या व्यवस्थापकाला मॅन्युअल पाठ नसते, आणि ते पाठ असावे अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. रात्री दोन वाजता एखादी सेवा बंद पडली की तो एक पान उघडतो. त्यातही एक शब्द शोधतो आणि त्या शब्दापाशी उतरतो. पानाच्या तिसऱ्या ओळीत सांगितलेली परिभाषा त्या शब्दाला लागू आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. सूत्राचा आखूडपणा वारशाने आला, पण सूत्राला पेलणारा वाचक त्याबरोबर आला नाही. ‘मालक’ हे शीर्षकही लोपले. त्याच्या जागी ‘लेखक’ आले, आणि लेखकाला जाऊन विचारण्याची सोय सहकाऱ्यांच्या त्या लहान वर्तुळाबरोबरच संपली.

नियमांच्या परस्परविरोधाच्या प्रसंगी ही उणीव सर्वांत उघडी पडते. पाणिनीने या प्रसंगाची व्यवस्था केली आहे. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील दुसऱ्या सूत्राचा परंपरागत अर्थ असा की, तुल्यबल नियमांत विरोध आल्यास ग्रंथक्रमाने नंतरचा नियम प्रवर्तावा. (या अर्थाविषयी केंब्रिज विद्यापीठातील ऋषी राजपोपट यांच्या २०२२ साली प्रकाशात आलेल्या प्रबंधाने नवा वाद उपस्थित केला आहे, तो येथे बाजूला ठेवणे इष्ट.) शिवाय उत्सर्ग आणि अपवाद यांत अपवाद बलवान, ही व्यवस्था आहेच. नियम कोणताही असो, विरोध सोडविण्याची रीत एकच, हे महत्त्वाचे.

सर्व्हरवर असे एकछत्री राज्य नाही. एकाच यंत्रावर नांदणाऱ्या सेवांनी आपापली व्याकरणे स्वतंत्रपणे रचली आहेत. ओपनबीएसडीच्या ‘पीएफ’ या संरक्षक भिंतीत जुळणाऱ्या नियमांपैकी शेवटचा निर्णायक असतो, ‘क्विक’ हा शब्द जोडला असेल तर मात्र तेथेच निर्णय होतो. लिनक्सवरील ‘आयपीटेबल्स’मध्ये स्वीकार किंवा नकार सांगणारा जो नियम प्रथम जुळेल तोच अंतिम. इगोर सिसोयेव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एन्‌जिनएक्स’ या वेब-सर्व्हरमध्ये पत्त्याच्या आरंभाशी ताडून पाहायच्या नियमांत सर्वांत लांब जुळणारा नियम निवडला जातो, म्हणजे तेथे अपवादाचे तत्त्व आहे. परंतु आकृतिबंधाने लिहिलेल्या नियमांत क्रमाने पहिला जुळणारा नियम घेतला जातो. ‘सुडो’ची नियमफाइल शेवटच्या जुळणाऱ्या नोंदीला मान देते, आणि तिचे मॅन्युअल लगेच सावध करते की ही शेवटची नोंद सर्वांत विशिष्ट असेलच असे नाही. उत्सर्ग-अपवादाच्या कल्पनेवर वाढलेल्या वाचकाची स्वाभाविक समजूत ओळखून ती आधीच खोडून काढणारे हे अर्धे वाक्य या सर्व वाङ्मयात विरळा आहे.

दूरस्थ प्रवेशाच्या ‘ओपनएसएसएच’ या सेवेचा प्रसंग अधिक विस्ताराने पाहण्याजोगा आहे. हे सॉफ्टवेअर ओपनबीएसडीच्या मंडळींनी डिसेंबर १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. मॅन्युअलमधील चूक ही प्रोग्राममधील चुकीइतकीच गंभीर मानणारी ही मंडळी आहे. सेवेच्या कॉन्फिगरेशन फाइलीविषयीच्या पानाच्या आरंभीच एक लहान वाक्य आहे : अन्यथा सांगितले नसल्यास, प्रत्येक शब्दाची जी किंमत प्रथम आढळेल ती वापरली जाईल. वाक्य सत्य आहे, निःसंदिग्ध आहे, योग्य जागी आहे. सूत्र म्हणून त्यात काढण्याजोगे काही नाही.

आता व्यवहार पाहावा. २०२० मध्ये आलेल्या ८.२ या आवृत्तीपासून या फाइलीत अन्य फाइली समाविष्ट करण्याची सोय झाली. डेबियन व उबुंटू या वितरणांनी मुख्य फाइलीच्या अगदी वरच्या भागात अशी एक ओळ घातली, तिच्यामुळे एका पोटनिर्देशिकेतील सर्व फाइली नावाच्या क्रमाने आधी वाचल्या जातात. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर प्राथमिक मांडणी करणारे ‘क्लाउड-इनिट’ हे सॉफ्टवेअर तेथे स्वतःची फाइल ठेवू शकते, आणि परवलीच्या शब्दाने प्रवेश देण्यास सांगितले असेल तर तशी परवानगी त्या फाइलीत लिहिते. व्यवस्थापक मात्र आपल्या सवयीप्रमाणे मुख्य फाइल उघडतो, परवलीच्या शब्दाने प्रवेश नको असे खाली लिहितो, सेवा पुन्हा सुरू करतो आणि निश्चिंत होतो. कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही, कारण व्याकरणदृष्ट्या काहीच चुकलेले नाही. पहिली किंमत ‘होय’ अशी सापडली आहे. नंतरच्या ‘नाही’कडे कोणी पाहिलेले नाही. दार बंद केल्याची नोंद आहे आणि दार उघडे आहे.

या व्यवस्थापकाला अडाणी म्हणता येत नाही. त्याच सर्व्हरवर, कर्नलच्या मूल्यांसाठी असलेल्या ‘सिसकंट्रोल’च्या पोटनिर्देशिकेत त्याने नुकतेच काम केलेले असते. तेथेही अशाच छोट्या फाइली, तसेच नावाआधी अंक, तसाच नावानुसार क्रम. पण तेथे एकाच मूल्यासाठी अनेक फाइलींत ओळी असतील तर नावाने शेवटची येणारी फाइल प्रमाण. म्हणजे एका निर्देशिकेत नव्वद अंकाची फाइल दहा अंकाच्या फाइलीवर मात करते आणि दुसरीत दहाची फाइल नव्वदच्या फाइलीवर. दोन्ही पाने आपापल्या जागी सत्य सांगतात. त्यांना एकमेकांची वार्ता नाही.

येथे एक तपशील विशेष उद्‌बोधक आहे. ओपनएसएसएचचीच दोन जोडपाने आहेत, एक सेवा देणाऱ्या बाजूच्या फाइलीविषयी आणि एक सेवा घेणाऱ्या बाजूच्या फाइलीविषयी. नियम दोन्हींत सारखाच. परंतु सेवा घेणाऱ्या बाजूच्या पानावर नियमापाठोपाठ त्याचे फलित सांगितले आहे : पहिली किंमत वापरली जात असल्यामुळे विशिष्ट यंत्रासंबंधीच्या ओळी आरंभी लिहाव्यात आणि सर्वसाधारण ओळी शेवटी. दुसऱ्या पानावर, जेथे चूक झाली तर अधिक अनर्थ आहे तेथे, नियम एकटा उभा आहे. ही उणीव डेबियनच्या संपादकांनी भरून काढली. पोटनिर्देशिकेतील फाइली आरंभी समाविष्ट होत असल्याने तेथील किमती मुख्य फाइलीतील किमतींवर मात करतात, असे वाक्य त्यांनी आपल्या वितरणातील पानावर स्वतंत्र टिपणाने जोडले आहे. उक्त, अनुक्त व दुरुक्त यांचा विचार करणे हे वार्तिककाराचे कार्य मानले गेले आहे. कात्यायनाच्या शेजारी डेबियनच्या संपादकाला बसविणे थोडे धाडसाचे वाटेल, पण कार्य तेच आहे.

मॅन्युअलच्या ‘दोष’ या शीर्षकाविषयी मात्र निर्भेळ प्रशंसाच करावी लागते. ग्रंथकाराने आपल्या वस्तूचे वर्णन करताना शेवटी तिची व्यंगे स्वतःच लिहावीत, ही प्रथा अन्य कोणत्या वाङ्मयप्रकारात इतकी रुजली असेल असे वाटत नाही. पहिल्या आवृत्तीत फाइलीची नक्कल करण्याच्या आज्ञेखाली एवढीच कबुली होती की फाइलीची नक्कल तिच्यावरच केल्यास तिच्यातील मजकूर नष्ट होतो. क्षमायाचना नाही, सारवासारव नाही. पुढे बर्कलीच्या मंडळींनी या शीर्षकाखाली विनोदही केला. फाइलप्रणालीचे ‘ट्यूनिंग’ करणाऱ्या आज्ञेच्या पानावर, फाइलप्रणाली ‘ट्यून’ करता येते पण मासा ‘ट्यून’ करता येत नाही, असे म्हणून ‘ट्यूना’ माशावर श्लेष साधला आहे. मराठीत तो मरतो, हे मान्य करून पुढे जावे.

दोष सांगण्यात इतके उदार असणारे हे गद्य उदाहरणे देण्यात इतके कृपण का, हा प्रश्न मग अधिकच टोचतो. लिनक्सच्या मॅन्युअल-लेखनाच्या संकेतांत शीर्षकांचा जो क्रम सुचविला आहे त्यात उदाहरणांचे स्थान दोषांच्याही नंतर येते. वाचक तेथवर पोहोचतो तो दमून. याला अपवाद नाहीत असे नाही. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आरसिंक’चे पान घ्यावे. मूळ निर्देशिकेच्या नावापुढे तिरकी रेघ दिली तर तिच्यातील मजकूर जातो, न दिली तर निर्देशिका नावासकट जाते, असा हा एका चिन्हाचा नियम आहे. पान तो नियम सांगते, मग साध्या शब्दांत उलगडते, आणि लगेच एकच परिणाम घडवणाऱ्या दोन आज्ञा शेजारी शेजारी मांडते. ‘सुडो’च्या पानाने तर याहून पुढची मजल गाठली आहे. तेथे नियमांचे व्याकरण औपचारिक संकेतलिपीत दिले असून, ती लिपी ठाऊक नसणाऱ्या वाचकाला घाबरू नकोस असा धीरही दिला आहे. पुढे ‘बिल’ नावाच्या कल्पित माणसाला सर्व आज्ञांची मुभा, मात्र अमुक आज्ञा वगळून, असा वरकरणी निर्दोष नियम लिहून दाखवला आहे, आणि त्यापाठोपाठ त्याचे खंडन केले आहे : वगळलेल्या आज्ञेची दुसऱ्या नावाने नक्कल केली की बिल मोकळा. पूर्वपक्ष मांडून तो पाडण्याची ही पद्धत सूत्राची नव्हे, भाष्याची आहे. आणि वाचकाच्या मनात ती नियमापेक्षा अधिक खोल रुजते.

मराठी गद्याच्या इतिहासात या प्रश्नाचा एक जुना निकाल उपलब्ध आहे. श्रीचक्रधरांची वचने केसोबासांनी सूत्ररूपाने संकलित केली तेव्हा तेही अशाच अडचणीपुढे उभे होते. वक्ता समोर नव्हता आणि वचने आखूड होती. ‘दृष्टांतपाठा’त त्यांनी जी रचना स्वीकारली ती त्रिपदरी आहे : आधी सूत्र, मग त्याला जोडून चक्रधरांचाच दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांतातील कोणती गोष्ट सिद्धांतातील कोणत्या गोष्टीच्या जागी समजावयाची याचा खुलासा. पहिली दोन अंगे आचार्यांची, तिसरे संकलकाचे. वक्त्याच्या अनुपस्थितीत जे हरवते ते या तिसऱ्या अंगाने भरून काढले आहे. सर्व्हरच्या मॅन्युअलात सूत्र विपुल आहे, दृष्टांत क्वचित आहे, आणि दार्ष्टांतिक वाचकावर सोडले आहे. वितरणांच्या स्वतंत्र मार्गदर्शिका व ‘हाउ-टू’ या नावाने निघालेली टिपणे यांनी ते काम पत्करले खरे. परंतु ती सूत्रापासून अलग असतात, सॉफ्टवेअर बदलले तरी जुनीच राहतात, आणि कालबाह्य भाष्य हे भाष्य नसण्यापेक्षा अधिक घातक ठरते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत लिनक्स शिकणारा विद्यार्थी हीच पाने इंग्रजीत वाचतो. ती मराठीत आणावयाची झाल्यास प्रतिशब्दांची अडचण दुय्यम आहे; खरी अडचण क्रियापदाची आहे. इंटरनेटच्या मानकपत्रांपैकी मार्च १९९७ मधील २११९ क्रमांकाच्या पत्राने ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या तीन शब्दांत बंधन, शिफारस व मुभा अशी वाटणी करून दिली. मराठीतील ‘-वे’ प्रत्यय ही वाटणी मोडतो. ‘उमेदवारांनी वेळेवर उपस्थित राहावे’ ही आज्ञा आहे, ‘पहाटे उठावे’ हा सल्ला आहे, ‘हवे तर जावे’ ही मुभा आहे. शिवाय मे २०१७ मधील ८१७४ क्रमांकाच्या पत्राने असे स्पष्ट केले की हे शब्द मोठ्या लिपीत छापले असतील तेव्हाच त्यांना पारिभाषिक अर्थ आहे. आणि देवनागरीत मोठी लिपी नाही. तेव्हा बंधनासाठी ‘केलेच पाहिजे’, शिफारशीसाठी ‘करणे इष्ट’ आणि मुभेसाठी ‘करता येईल’ अशी रूपे ठरवून घेऊन ‘-वे’ला नियमवाक्यातून रजा देणे हाच मार्ग उरतो.

वर चर्चिलेला नियम या पद्धतीने व केसोबासांच्या रचनेत मांडल्यास तो असा होईल :

सूत्र : एका शब्दाच्या अनेक किमती आढळल्यास प्रथम आढळलेली ग्राह्य.

दृष्टांत : आधी वाचल्या जाणाऱ्या पोटफाइलीत परवलीच्या शब्दाला ‘होय’ आहे, मुख्य फाइलीत, समावेशाच्या ओळीखाली, ‘नाही’ आहे. सेवा ‘होय’ मानते.

दार्ष्टांतिक : मुख्य फाइलीत लिहिलेले म्हणजे लागू झालेले, असे समजता येत नाही. बंदी घालावयाची असल्यास ती सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत लिहिलीच पाहिजे. सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘एसएसएचडी’ ही आज्ञा मोठ्या ‘टी’च्या पर्यायासह चालवून प्रत्यक्ष लागू होणाऱ्या किमती वाचणे इष्ट. चालू असलेला प्रवेश तोवर बंद न करणेही इष्ट. नवा प्रवेश दुसऱ्या खिडकीतून तपासता येईल.